दाभोळचा डी

सोसायटीच्या कॉम्प्युटरनं सकाळी मला आत घेतलंच नाही.
परवलीचा शब्द बरोबर. पडदा काळा झाला,
डोळा मिटून उघडावा इतकाच वेळ,
आणि पुन्हा तीच चौकट: परवलीचा शब्द?
सहा वेळा. सातव्यांदा मी कॅप्स लॉक तपासलं,
आठव्यांदा देव आठवला.

बाहेर ओट्यावर अकरा तांडेल,
डिझेलच्या परताव्याचे कागद गुडघ्यावर धरून.
यादी आत. आज शेवटचा दिवस.
"विंडोज असतां तर ह्यां झाला नसतां," गजा खवणेकर म्हणाला.
विंडोज होतं तेव्हा यानंच ते काढायला लावलेलं,
पैसे पडतात म्हणून.

मग वेंगुर्ल्याला फोन लावला, आग्नेल फर्नांडिसला.
कधी भेटलेलो नाही. नंबर आधीच्या क्लार्कनं
रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलेला,
खाली दोन शब्द: रागावत नाही.

"काय झाला तां सांगू नको," तो म्हणाला,
"काय दिसतां तां सांग."

सांगितलं. इतकं नीट मी
डॉक्टरलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.
त्याच्या मागे कुकर वाजला.
"थांब हां, तिसरी झाली, गॅस बंद करून येतंय."

कंट्रोल, आल्ट, एफ तीन.
चित्रं गेली, बाण गेला, रंग गेले.
काळ्यावर एकच पांढरी ओळ, टोकाला लुकलुकणारी खूण,
रापणीची वाट बघत बसलेल्याच्या विडीसारखी.

"लिही. डी, दाभोळचा.
एफ, फोंड्याचा.
आता जागा सोड.
आडवी रेघ. एच, हर्णैचा."
अर्धं कोकण टाइप करून मी एंटर दाबलं.

आकडे आले. एका ओळीच्या शेवटी शंभर टक्के.
"तुझो शब्द बरोबर हा," आग्नेल म्हणाला.
"आत पाय ठेवूक जागा नाय, म्हणून भायर काढतां."

तळाशीलात हे कोणालाही कळेल.
इकडे दर्या, तिकडे खाडी, मध्ये आम्ही,
आणि दरवर्षी किती उरलोय ते पावलांनी मोजायचं.

आत कोण बसलंय ते शोधलं.
बुडाशी सापडलं: चेअरमनच्या मुलाचं लग्न,
हळदीपासून पूजेपर्यंत, एकोणचाळीस जीबी.
पुसायला एक ओळ पुरली असती.
"ती ओळ मी तुका सांगूचंय नाय. आधी त्येका विचार."
चेअरमन पंधरा वावात. रेंज नाही.

ओट्यावर बातमी गेली. कोणी काही बोललं नाही, उठले.
'जलभवानी'वरून एक पेनड्राइव्ह आला, भजनांचा, मीठ धरलेला.
दुसऱ्यात दशावतार.
तिसरा शाळेतल्या गावडेबाईंचा,
आत नववीची चाचणी आहे, कोणी उघडायचं नाही.

"एम, मालवणचा, तुमचो.
व्ही, वेंगुर्ल्याचा, आमचो.
झाला. आता हलवूक येतां."
हळद दशावताराच्या अंगाला लागली,
वरात भजनांत शिरली,
जेवणावळ प्रश्नपत्रिकेशेजारी मांडी घालून बसली.

दीड वाजता पडदा उजळला. सगळं होतं,
फक्त खालची पट्टी डाव्या कडेला जाऊन उभी राहिलेली,
घड्याळात तास वर, मिनिटं खाली.
"तां पण करूया?" त्यानं विचारलं.
त्याचा भात केव्हाच निवला असणार.
राहू दे, म्हटलं.

यादी पावणेपाचला गेली.

मी एसटीच्या कंडक्टरबरोबर सोडे पाठवले, पाव किलो.
चार दिवसांनी त्याचाच फोन:
"बाय, सोडे खाल्ले काय माझ्या अंगार गांधी उठतत.
शेजारणीन खाल्ल्यान. तुका आशीर्वाद दिल्यान."

चेअरमनला अजून सांगितलेलं नाही.
नवरा-नवरी भजनांसोबत दर्यात फिरतायत,
परवा म्हणे आचऱ्याच्या पुढे बांगडा लागला तेव्हा
मध्येच सनई वाजली.
घड्याळ डावीकडेच आहे, मान वाकडी करायची सवय झाली.
रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर, रागावत नाही च्या खाली,
मी लिहून ठेवलं: कोळंबी चालत नाही.